‘ॲव्हरेज किती देते?’

नवी गाडी दारात येते. हार घालून होतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढून होतं, चाकाखालचं लिंबू चिरडून होतं, पेढेही वाटून होतात, आणि मग पेढा तोंडात असतानाच शेजारी विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ ‘पडली कितीला?’ हा प्रश्न त्यानंतरचा. ब्रेक कसे आहेत, धडक बसली तर आतल्या माणसाचं काय होईल, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. विचारलं तर ते अशुभच वाटेल. सरासरी या अर्थाचा हा इंग्रजी शब्द मराठीत येऊन गाडीच्या अंगचा गुण होऊन बसला. तो क्रियापदही घेतो ते ‘देणे’. गाय दूध देते, विहीर पाणी देते, गाडी ॲव्हरेज देते. या प्रश्नावरून मराठी मध्यमवर्गाला, त्यातही पुण्याच्या, भरपूर टोमणे मिळाले आहेत. सात-आठ लाखांची गाडी घ्यायची आणि लिटरमागे दोन किलोमीटरसाठी जीव टाकायचा, हा कंजूषपणा नाही तर काय, असा त्या टोमण्यांचा सूर असतो. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न स्वभावातून आलेला नाही. गाडी घेताना माणूस काय विचारतो हे त्या काळचा बाजार त्याला काय तपासू देतो, काय मोजून देतो, त्यावर ठरत आलं आहे. ज्याचं उत्तर मिळण्याची सोय नाही, तो प्रश्न हळूहळू तोंडातून जातो. आपल्याकडच्या वाहनखरेदीचा शंभरेक वर्षांचा इतिहास याला पुरेसा पुरावा देतो.

सुरुवात मोटारीच्याही आधीपासून करावी लागेल, कारण वाहन पारखून घेणं महाराष्ट्राला मोटारीने शिकवलेलं नाही. खरसुंडी, पुसेगाव, सांगोला या बाजारांत खिल्लार बैल घ्यायला आलेला शेतकरी जितकं बघतो, तितकं आज शोरूममधला ग्राहक बघत नाही. आधी ओठ वर करून दात. आदत आहे, दोन दाती, चार दाती की जुळला, यावरून वय कळतं आणि वयावरून पुढे किती वर्षं कामाची, तेही कळतं. मग खूर, खांदा, वशिंड, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. मग चालवून बघायचं, जमलं तर जुंपून बघायचं, पाठीवर हात टाकून कातडी थरथरते का ते पाहायचं. शेवटी उपरण्याखाली हेड्याच्या, म्हणजे दलालाच्या, हातात हात घालून बोटं दाबत भाव ठरायचा, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्याला तो कळू नये. यात भोवऱ्यांचा शुभाशुभ विचारही होता, तो सोडून देऊ. महत्त्वाचं हे की गुणदोष जनावराच्या अंगावर दिसत होते आणि बाजारात एका जोडीच्या शेजारी दुसऱ्या पन्नास जोड्या उभ्या होत्या. नाकारण्याची मुभा असली की पारख तयार होते. बैल नापसंत पडला तर शेतकरी दहा पावलं पुढे जात असे.

मोटार आली ती अशा चिकित्सक गिऱ्हाइकाच्या हातात आलीच नाही. पहिली चाळीस-पन्नास वर्षं ती संस्थानिक, साहेब, व्यापारी आणि बडे वकील-डॉक्टर यांची वस्तू होती. निवड मात्र त्या काळात पुष्कळ होती. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांपासून मोटारी जोडायला सुरुवात केली, त्यापाठोपाठ फोर्डही मुंबईत आली, आणि अमेरिकी, इंग्रजी, युरोपीय गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या. पण मालक मागे बसत असे आणि गाडीची नाडी ड्रायव्हरला ठाऊक असे. या काळातून सर्वसामान्य खरेदीदाराच्या सवयींत फारसं काही उतरलेलं नाही, म्हणून इथे थांबण्याचं कारण नाही.

आपल्या सवयी घडल्या त्या पुढच्या तीस वर्षांत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या, मग फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स ओख्याहून बंगालात उत्तरपाड्याला गेली. मद्रासला स्टँडर्ड होती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवलं की ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. धोरण म्हणून ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. गिअर, ॲक्सल, इंजिनाचे ठोकळे इथे बनायला लागले ते त्यामुळेच, आणि आजचं पिंपरी-चिंचवड त्या पायावर उभं आहे. पण खरेदीदाराच्या वाट्याला काय आलं? ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड. तीन कंपन्या, तीन गाड्या, आणि सत्तरच्या दशकातही सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजार मोटारी बनत नव्हत्या. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरण-विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम निघाला, १९६० मध्ये स्कूटरवर. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वाट बघायची. नवी मोटार ठरावीक मुदतीच्या आत विकायलाही परवानगी लागे. १९६९ मध्ये सरकारने किमतीही बांधून दिल्या. त्यावर कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि गाडीची वाजवी किंमत किती हे ठरवायला चौकशी आयोग बसला. त्याआधी १९६७ मध्ये मोटारींचा दर्जा का घसरतो आहे याची चौकशी करायलाही सरकारने समिती नेमली होती. दर्जासाठी समिती नेमावी लागली याचाच अर्थ दर्जावरून गाडी नाकारण्याची ताकद गिऱ्हाइकाकडे उरली नव्हती. हॉर्न सोडून सगळं वाजतं, हा ॲम्बॅसेडरवरचा विनोद त्या काळात घरोघर सांगितला गेला आणि विनोद सांगणारेच नाव नोंदवून बसले होते. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

स्कूटरची गोष्ट याहून मराठी, कारण ती आकुर्डीत बनत होती. बजाजने १९६० च्या सुमारास पियाजिओशी करार करून व्हेस्पा बनवायला घेतली, करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक आणली, आणि तिच्यासाठी लोक दहा-दहा वर्षं थांबले. मुलगा शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर त्याला नोकरी लागल्यावर मिळावी, यात अतिशयोक्ती नव्हती. ‘नंबर लागला’ हा शब्दप्रयोग गॅस, टेलिफोन आणि स्कूटर या त्रिकुटाने मराठीत घट्ट रुजवला. सरकारी नोकरांचा कोटा वेगळा, परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांचा वेगळा. दुबई-कुवेतला भाऊ असणं हा तेव्हा स्कूटर मिळवण्याचा जवळचा रस्ता होता. अशा बाजारात चेतक आणि लॅम्ब्रेटा यांची तुलना करत बसणं म्हणजे रेशनच्या दुकानात बासमती आहे का विचारणं. विचारण्याजोगा प्रश्न एकच होता, कधी मिळेल? आणि मिळाल्यावर दुसरा, ‘ऑन’ किती आहे? ऑन म्हणजे छापील किमतीच्या वर काळ्या बाजारात मिळणारी रक्कम. नंबर लागलेली स्कूटर त्याच दिवशी विकली तरी चार पैसे सुटत. वाहन घेतल्याबरोबर त्याची किंमत वाढते, असा उलटा अनुभव एका अख्ख्या पिढीने घेतला. रिसेलला काय येईल हा आपला लाडका प्रश्न तिथे जन्मला. आज शोरूममधून बाहेर पडताक्षणी गाडीची किंमत उतरते, तरी पहिली गाडी घेणारा दहा वर्षांनंतरच्या भावाची चौकशी करतो. ती चौकशी त्याला आजोबांच्या स्कूटरकडून मिळालेली आहे.

पारख मात्र मेली नव्हती. नव्या गाडीच्या बाजारातून हुसकावलेली ती जुन्या गाडीच्या बाजारात जाऊन राहिली. सेकंडहँड फियाट घ्यायची तर ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यायचा, हा नियम. मेकॅनिक गाडीकडे जाताना आधी मालकाकडे बघतो: डॉक्टरने वापरलेली, सिंगल हँड गाडी असली तर निम्मं काम झालं, कारण डॉक्टर रोज गाडी काढतो पण लांब नेत नाही, असा समज. मग तो काचेच्या रबरी बीडिंगची कड नखाने उचलतो. खाली वेगळ्या रंगाचे शिंतोडे दिसले तर गाडी ठोकलेली आहे आणि पेंटिंग नंतरचं आहे. मग बोनेट उघडून इंजिन चालू ठेवायला सांगतो आणि ऑइल भरण्याचं झाकण काढतो. तिथून धुराचे भपकारे यायला लागले की मान हलवून म्हणतो, रिंगा गेल्या, बोअरला आलंय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी बघतो. मीटरवरच्या किलोमीटरवर त्याचा काडीचा विश्वास नसतो, कारण मीटर मागे फिरवता येतो. पण क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते तो वाकून बघतो. रबर बदलायचं विक्रेत्याला सहसा सुचत नाही. बैलाचे दात बघणाऱ्याची नजर आणि ही नजर एकाच घराण्यातली. हेड्याच्या जागी एजंट आला आणि उपरण्याखालची बोटं गेली, एवढाच फरक.

याच बाजारात मराठी माणसाची गाड्यांविषयीची मतं तयार झाली. ती पुढे म्हणींसारखी चालली, म्हणून ती कुठून आली हे बघायला हवं. ॲम्बॅसेडर दणकट पण पेट्रोल पिते. फियाट सुटसुटीत पण गरम होते. ॲम्बॅसेडरचं इंजिन १४८९ सीसीचं आणि गाडी जड, फियाटचं १०८९ सीसीचं आणि गाडी हलकी, त्यामुळे पहिल्या मताला आधार आहे. दुसरं मत बोरघाटात तयार झालं. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या चढणीवर बोनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचं नेहमीचं दृश्य होतं. रेडिएटर उकळायचा. कधी पेट्रोलच नळीत वाफ होऊन अडायचं, मग फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. ॲम्बॅसेडरही त्या रांगेत असायचीच, पण मुंबई-पुणे रस्त्यावर फियाट जास्त, म्हणून नाव फियाटचं झालं. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी फियाट आणि कलकत्त्यात ॲम्बॅसेडर, यामागेही आवडनिवड कमी आणि भूगोल जास्त. एक कुर्ल्यात बनत होती आणि दुसरी उत्तरपाड्यात. ऑपेरा हाउसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या भंगारात जिचा पार्ट तासाभरात मिळेल ती गाडी टॅक्सीवाल्याला परवडते. ‘पार्ट मिळतात का?’ हा आपला तिसरा प्रश्न टॅक्सीवाल्यांकडून आणि गॅरेजवाल्यांकडून मध्यमवर्गात आला. १९७४ मध्ये कंपनीने नाव बदलून प्रीमियर पद्मिनी केलं, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, त्या दिवशीच्या बातम्यांतही ‘पद्मिनी’च्या जोडीला ‘फियाट’ होतीच.

आता ॲव्हरेजकडे. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलचे भाव भडकले. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. त्याआधीही पेट्रोल फुकट नव्हतं, पण गाडी मिळण्याचीच मारामार असताना ती किती पिते हा दुय्यम प्रश्न होता. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने आणलेली ५० सीसीची लुना या वेळी बरोबर हाताशी होती. लुनाला कुणी रुबाबासाठी घेतलं नाही. पायडल मारून सुरू होणारी, थेंबभर पेट्रोलवर शाळामास्तरांना आणि बँकेतल्या बाईंना कामावर पोहोचवणारी ती गाडी होती. पण ॲव्हरेज हा खरेदीचा पहिला निकष व्हायला आणखी एक गोष्ट लागत होती, ती म्हणजे एकाच वेळी दोन गाड्या मिळणं. ती ऐंशीच्या दशकात घडली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीत दिली गेली. दहा हजार रुपये भरून लाखावर लोकांनी आधीच नाव नोंदवलं होतं, म्हणजे रांग होतीच, पण आता पलीकडे फियाटही उभी होती आणि ७९६ सीसीची ही छोटी गाडी तिच्याहून कितीतरी कमी पेट्रोलवर चालत होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० आली. तोवरच्या बहुतेक दुचाकी दोन-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, निळा धूर सोडणाऱ्या. हिरो होंडाने टाकी भरा आणि विसरून जा अशा अर्थाची जाहिरात केली. गाडीचा वेग नाही, ताकद नाही, फक्त तिची मिताहारी वृत्ती विकली. तीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाला एक आकडा मिळाला, जो दोन गाड्यांमध्ये वेगळा होता आणि जो स्वतः पडताळता येत होता. टाकी गच्च भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे, पुन्हा गच्च भरून भागाकार करायचा. हजारो घरांत डायरीच्या शेवटच्या पानावर हा भागाकार वर्षानुवर्षं चालला.

कंपनीने सांगितलेलं आणि आपल्याला मिळालेलं ॲव्हरेज यांत फरक का पडतो, याचं उत्तर पुण्यातच आहे. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, आणि जाहिरातीतला मायलेजचा आकडा तिच्यासारख्या संस्थेच्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर न नेता रोलरवर उभी करतात आणि चालक ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. भारतीय रस्त्यांसाठी ऐंशीच्या दशकात बसवलेलं मूळ चक्र १०८ सेकंदांचं, जपमाळेच्या मण्यांइतकं. त्यात सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त ४२. मोटारींच्या चाचणीत पुढे ताशी ९० पर्यंतचा भाग जोडला गेला. तिथे चढ नाही, खड्डा नाही, मागे चार माणसं आणि डिकीत देवदर्शनाचं सामान नाही. त्यामुळे तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी आणि आपल्या खिशाचा हिशेब करायला निरुपयोगी. लोक नेमकं उलटं करतात. कंपनीने फसवलं म्हणून चिडतात.

इथे पहिला आक्षेप येतो. लोक ॲव्हरेज विचारतात कारण पेट्रोल महाग आणि पगार लहान. त्याला बाजाराचा इतिहास कशाला हवा? आक्षेपात तथ्य आहे, आणि इंडिकाचं उदाहरण त्याच्या बाजूचं वाटतं. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यात बनलेली टाटांची ही डिझेल गाडी आली तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं, आणि पहिल्या वर्षांतल्या तक्रारी पोटात घालून लोकांनी ती घेतली. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, दोन्हींतलं अंतर घटलं आणि छोट्या डिझेल गाड्यांची हौस फिटली. पण मग किफायतच बघायची तर लोकांनी सगळा खर्च बघायला हवा होता. विमा, सर्व्हिसिंग, टायर, कर्जावरचं व्याज आणि दरवर्षी उतरणारी किंमत मिळून घरगुती वापराच्या गाडीवर पेट्रोलहून जास्त खर्च होतो. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १५ ऐवजी १८ किलोमीटर चालली तर वाचतं किती? वर्षाला ८९ लिटर. शंभराच्या भावाने ८,९००, महिन्याला साडेसातशेच्या आत. आणि अशाच बचतीच्या आशेने लोक लाखभर रुपये जास्त मोजून डिझेल घेत होते. महागाई हे प्रश्न पडण्याचं कारण झालं. सगळ्या खर्चातून नेमका हाच एक आकडा डोक्यात राहिला, कारण तोच एकटा छापील स्वरूपात हातात मिळत होता. हिंदीत हाच प्रश्न एका गाजलेल्या जाहिरातीचा विषय झाला, तेव्हा कंजूषपणाचा मान एकट्या पुण्याला देण्याचंही कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९३ मध्ये मोटारउद्योग परवान्यातून मोकळा झाला, सिएलो आली, एस्कॉर्ट आली, सँट्रो आणि मॅटिझ आल्या. टंचाई संपून तीस वर्षं झाली, मग टंचाईतले रिसेल आणि पार्टचे प्रश्न अजून का जिवंत? नुसती सवय म्हणून? सवय थोडी आहेच, पण मोकळ्या बाजारानेच ते प्रश्न पुन्हा खरे करून दिले. प्रीमियरने प्यूजोबरोबर कल्याणच्या कारखान्यात ३०९ काढली. गाडी चालवायला गोड, पण काही वर्षांत कारखानाच थंडावला आणि मालक पार्टसाठी वणवण फिरले. देवूचं दिवाळं निघालं. ओपेल गेली, फियाट गेली, तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली, २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवलं. ‘कंपनी राहील का?’ असं विचारणाऱ्या काकांना ज्यांनी जुनाट ठरवलं, त्यांच्यापैकी काहींना विंडस्क्रीन मागवायला महिनाभर थांबावं लागलं. मारुतीच्या बाजूने पडणारं मत बरेचदा त्या गाडीच्या गुणांवर नसतं. तालुक्याच्या गावी सर्व्हिस सेंटर आहे, एवढंच त्यात बोललेलं असतं. आणि ते बरोबर बोललेलं असतं.

सगळ्या जुन्या सवयींची अशी वकिली मला करता येणार नाही. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय घ्या. कार्ब्युरेटरच्या काळात तिने पेट्रोल थोडं वाचत असे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं. न्यूट्रलला टाकलं तर इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिनाचा लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. पुण्यात कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना उडवलं, तेव्हाही चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचा मुद्दा तपासात पुढे आला. मोजता येणाऱ्या एकाच आकड्यामागे लागल्याची ही किंमत आहे, आणि ती दुसऱ्यांनीही भरली.

राहिली सुरक्षितता. ती आपण विचारत नव्हतो असं म्हणणं पूर्ण खरं नाही. विचारत होतो, पण हाताच्या बोटांनी. गाडीच्या दाराच्या पत्र्यावर टिचकी मारायची: ॲम्बॅसेडर ठण् वाजते, मारुती टप्प. ‘पत्रा पातळ आहे’ हा मारुतीवर १९८३ पासून लागलेला शिक्का. बैलाच्या खांद्यावर थाप मारण्याचाच हा प्रकार, आणि दुसरी काही चाचणी उपलब्ध नसताना माणूस दुसरं करणार काय? पण टिचकीचं उत्तर चुकीचं आहे. धडकेत माणूस वाचतो तो बाहेरच्या पत्र्यामुळे नव्हे. पुढचा भाग ठरवल्याप्रमाणे चुरगळून जोर गिळतो, आतला सांगाडा उभा राहतो आणि पट्टा माणसाला जागेवर धरतो, म्हणून तो वाचतो. पत्रा जाड आणि सांगाड्याला अशी रचना नाही, तर गाडी शाबूत राहते आणि धक्का आत पोचतो. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले: ऑल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो, पोलो. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. यात टिचकीला उत्तम वाजणारी पोलोही होती. तिलाच एअरबॅग लावून पुन्हा आपटलं तेव्हा चार तारे आले.

त्यानंतर जे झालं त्यात माझ्या म्हणण्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे. आपल्या माणसाला जिवाची पर्वा नाही, तो तारे बघून गाडी घेणार नाही, असं बाजारातली शहाणी मंडळी सांगत होती. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. त्यानंतर जाहिरातीत तारे आले, मग शोरूममध्ये, मग हार घातलेल्या गाडीभोवती पेढे खाणाऱ्यांच्या बोलण्यात. स्वभाव पाच वर्षांत बदलत नसतो. आकडा मिळाला तसा प्रश्न आला. मात्र आकड्याची जुनी खोडही बरोबर आली आहे. ताऱ्यांची गाडी घेऊन मागच्या सीटवर पट्टा न लावणारे हे लिटरमागे किलोमीटर मोजून उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्यांचेच भाऊबंद. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या गाडीच्या अपघातात गेले ती महागड्या परदेशी गाड्यांपैकी होती. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते.

भारताची स्वतःची तारांकन-पद्धत, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. सहसा कंपनीने गाडी पाठवली तरच चाचणी होते. म्हणून यापुढे गाडी बघायला जाल तेव्हा तारांकनच न झालेल्या गाडीला नापास समजू नका, ती परीक्षेलाच बसलेली नाही एवढंच. का बसली नाही, हे मात्र विक्रेत्याला विचारा, आणि ॲव्हरेजच्या आधी विचारा.